हाओरीचं अस्तर

(क्लिनिकच्या लेटरहेडवर, टाइप केलेलं)

नोव्हेना, सिंगापूर
७ एप्रिल २०१६

सौ. मधुवंती खांबेटे यांस,

आपण जुन्या जपानी किमोनोच्या कापडापासून बनवलेलं आणि गेल्या नोव्हेंबरपासून आमच्या नेत्र क्लिनिकच्या वेटिंग रूममध्ये लावलेलं वॉल पॅनेल आज भिंतीवरून काढण्यात आलं आहे. त्या कापडावर युद्धातली जपानी विमानं आहेत, अशी तक्रार एका वयोवृद्ध चिनी पेशंटने केली आहे. १९४२ मध्ये या शहरावर कोणाची विमानं आली होती, हे इथे अकरा वर्षं राहिल्यावर आपल्याला माहीत असायला हवं होतं.

कापडावर काय आहे याची कल्पना आपण क्लिनिकला किंवा मला दिली नव्हती, असं सहीनिशी लिहून पाठवावं. पत्र १५ तारखेच्या आत मिळावं. पॅनेल रिसेप्शनवरून घेऊन जावं.

डॉ. सुचित्रा पोंक्षे

ता. क. शैलूला यात ओढू नये.

---

क्वीन्सटाउन
९ एप्रिल २०१६

सुचित्राताई,

पाडव्याच्या सकाळी मी श्रीखंड फेटत होते, तेव्हा कुरियरवाला दारात आला. म्हटलं, नणंदबाईंनी सणाचं काही पाठवलं असेल. पाकिटातून निघाली नोटीस! तुमच्या धाकट्या भावाशी, शैलेंद्रशी, लग्न होऊन चौदा वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्ही मला पहिल्यांदा ‘आपण’ म्हणालात, आणि तेही अंगावर धावून येण्यासाठी.

काल तुमचे चार फोन येऊन गेले. मी मुद्दाम उचलले नाहीत. तुम्हाला लेखी हवं आहे ना, मग लेखीच घ्या.

पॅनेल मी तुमच्या गळ्यात मारलं नव्हतं. दिवाळीत आमच्या घरी आलात, तेव्हा माझ्या टेबलावर तीन पॅनेलं होती. त्यांतलं हे तुम्ही स्वतः उचललंत. “ढगांतले पक्षी छान वाटतात. डोळ्यांना थंड वाटेल पेशंटना,” हे तुमचे शब्द. त्याआधी वर्षभर तुम्ही माझ्या कामाला ‘चिंध्यांचा उद्योग’ म्हणत होतात. मी पुण्यातली नोकरी सोडून इथे आले, नवऱ्याच्या व्हिसाच्या पासवर घरात बसले, आणि जुने किमोनो उसवून त्यांची पॅनेलं करायला लागले, तर तुमच्या मैत्रिणींसमोर तुम्ही मला बोहारीण केलंत. पण क्लिनिकची भिंत उघडी होती आणि बॉसवर छाप पाडायची होती, तेव्हा त्याच चिंध्या चालल्या!

आणि ते पक्षीच आहेत. पुन्हा एकदा सांगते. किमोनोवर पुरुष आखूड डगला घालतात, हाओरी, तिच्या आतलं ते अस्तर आहे. हाओरी बाहेरून काळी, साधी. चित्र आतल्या बाजूला, फक्त घालणाऱ्याला ठाऊक. करडे ढग आणि त्यांत नखाएवढे रुपेरी पक्षी. जिच्याकडून मी गठ्ठा घेतला, त्या जपानी बाईने मला वेगळं काही सांगितलं नव्हतं. ऐंशी वर्षांपूर्वीच्या विटक्या रेशमात एखाद्या म्हाताऱ्या बाईला विमानं दिसली, तर तिचे डोळे तपासा. तुमचा धंदाच तो आहे.

सहीनिशी काहीही मिळणार नाही.

मधुवंती

---

नोव्हेना
१३ एप्रिल २०१६

मधुवंती,

तुला ‘आपण’ झेपत नाही, तर ‘तू’ घे.

तिचे डोळे मीच तपासले आहेत. मॅडम गो, वय एकोणऐंशी. दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू. गेले चार महिने ती दर पंधरवड्याला यायची आणि तुझ्या पॅनेलसमोरच्याच खुर्चीत बसायची. तिला ते फार आवडायचं. “सो मेनी बर्ड्स,” म्हणायची. तुझ्याच क्वीन्सटाउनची आहे. तिच्या मुलीचा तिथल्या मार्केटमध्ये तांदळाच्या क्वेचा, म्हणजे वाफवलेल्या वड्यांचा, स्टॉल आहे. येताना स्टाफसाठी डबा आणायची.

८ मार्चला मी तिच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन केलं. २२ मार्चला ती तपासणीला आली. खुर्चीत बसली, आणि पाच मिनिटांनी उठून भिंतीपाशी गेली. काचेला नाक लावून एकेक पक्षी पाहिला. मग म्हणाली, “नॉट बर्ड. एअरोप्लेन लाह.” अख्खी वेटिंग रूम बघत होती. त्यानंतर ती पॅनेलकडे पाठ करून बसली.

५ एप्रिलला डाव्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. ती आली नाही. फोन उचलत नाही. त्या डोळ्यात काचबिंदू आहे, प्रेशर चढत चाललंय. महिना दोन महिने असेच गेले, तर तो डोळा जाईल. नंतर कोणी कितीही नाक रगडलं तरी परत यायचा नाही. हे तुझ्या ‘पक्ष्यां’मुळे.

आता ऐक. पॅनेल उतरवल्यावर मी मागचा बोर्ड उघडला. कापड खालच्या कडेला चार बोटं आत दुमडलेलं आहे. बारीक टाक्यांनी, अगदी मन लावून. मी ते उसवलं. आत सैनिकांची रांग आहे, आणि प्रत्येकाच्या हातात सूर्याचा झेंडा. हे तुझ्या हातचे टाके आहेत, मधुवंती. आम्हाला दिवाळीला दिलेल्या उशांच्या अभ्र्यांवर हेच आहेत.

तुला माहीत होतं. माहीत असताना तू ते माझ्या भिंतीवर चढू दिलंस. आणि वर ‘पक्षीच आहेत, पुन्हा सांगते’?

पत्र अजून आलेलं नाही.

सुचित्रा

---

क्वीन्सटाउन
१६ एप्रिल २०१६

सुचित्राताई,

हो. माहीत होतं.

तुम्हाला हेच ऐकायचं होतं, तर पूर्ण ऐका. त्या जपानी बाईने गठ्ठा माझ्यासमोर सोडला, तेव्हा हे अस्तर तिने चटकन बाजूला सारलं होतं. मी हात घातला. ती म्हणाली, “हे नको. हे सिंगापुरात नको.” मी हट्टाने घेतलं. का, ते तुम्हाला कळणार नाही, कारण तुम्ही कधी कापड हातात धरून पाहिलं नाही. ते ढग तसे कोणी विणू शकत नाही आता. मला वाटलं, झेंडे आत घातले की उरतं ते निव्वळ आकाश. विमानं इतकी लहान की कोणाला कळणार? टेबलावरून तुम्ही ते उचललंत, तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. तेव्हा बोलायला हवं होतं. पण तुम्ही पहिल्यांदाच माझ्या कामाला चांगलं म्हणत होतात, आणि माझी जीभ उचलली नाही. खोटं लिहिलं, तेही कबूल.

आता तुमचं.

काल मी पॅनेल न्यायला आले होते. तुम्ही ऑपरेशन थिएटरमध्ये होतात. तुमच्या टेक्निशियनने, वेई लिंगने, पॅनेल गुंडाळून दिलं. मी तिला म्हटलं, तक्रार आली त्याबद्दल वाईट वाटतं. ती म्हणाली, “कसली तक्रार? आंटीने तक्रार केलीच नाही. ती गप्प बसून निघून गेली.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “मी डॉक्टरांना चायनीज न्यू इयरच्या आधीच सांगितलं होतं की ही विमानं आहेत. डॉक्टर म्हणाल्या, नेव्हर माइंड, कोण एवढं बघतंय.”

कोण एवढं बघतंय! नेत्रतज्ज्ञ आहात ना तुम्ही?

म्हणजे फेब्रुवारीपासून तुम्हालाही ठाऊक होतं. भिंतीवरून उतरवलं असतंत, तर बॉसला सांगावं लागलं असतं की डॉक्टर पोंक्ष्यांनी आणलेली वस्तू चुकीची निघाली. तुमचा करार जूनमध्ये संपतो, हे शैलेंद्रकडून मला कळलंय. म्हणून न झालेली तक्रार रचलीत आणि माझ्याकडून लेखी मागितलंत, म्हणजे सगळं माझ्या माथी. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

माझी चूक मी केली. तुमची मी सही करून माझ्या अंगावर घेणार नाही.

मधुवंती

---

नोव्हेना
२० एप्रिल २०१६

मधुवंती,

माझ्या अपरोक्ष माझ्या स्टाफशी बोलायचा तुला काडीचा अधिकार नव्हता. वेई लिंगला मी समज दिली आहे. पुन्हा क्लिनिकची पायरी चढू नकोस.

हो, तिने सांगितलं होतं. दिवसाला चाळीस पेशंट तपासणाऱ्या बाईला भिंतीवरच्या चित्राचं कोणी येऊन सांगतं, ते एका कानाने ऐकलं आणि सोडून दिलं. ते आणि तू दुमडून शिवलेले झेंडे एकाच मापाने मोजू नकोस. मला कोणी ‘हे नको’ म्हणून बजावलेलं नव्हतं.

कराराचं शैलूने तुला सांगायला नको होतं. माझ्या भावाच्या तोंडात तीळ भिजत नाही, तुझ्या तर नाहीच नाही.

मी मॅडम गोंना नऊ वेळा फोन केला आहे. पत्र पाठवलं आहे. यापुढे प्रत्येक दिवस तिच्या डोळ्याला महाग पडणार. त्या बाईला शोधत तू मार्केटमध्ये हिंडू नकोस, हे तुला स्पष्ट सांगते. पेशंटची माहिती मी पत्रात लिहायला नको होती. लिहिली, ती रागात. तिचा फायदा घेऊन, हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून तमाशा करायची तुला सवय आहे. ती म्हातारी बाई आहे. तिला छळू नकोस.

सुचित्रा

---

क्वीन्सटाउन
२ मे २०१६

सुचित्राताई,

मी गेले होते.

मार्केटमध्ये क्वेचे तीन स्टॉल आहेत. दुसऱ्या स्टॉलवर विचारलं, तर वाफेच्या भांड्यामागची बाई म्हणाली, “व्हाय? यू फ्रॉम क्लिनिक?” मी म्हटलं, नाही, ते चित्र मी केलंय. तिने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि बाजूच्या टेबलाकडे हनुवटीने खूण केली. तिथे मॅडम गो केळीची पानं पुसत बसल्या होत्या. उजवा डोळा उघडा, डाव्यावर हात.

मी पॅनेलचं कापड काचेतून काढून सोबत नेलं होतं. दुमडलेला भाग उलगडून. हे पाहून त्यांनी मला हाकलून दिलं असतं तरी चाललं असतं, पण आता काही आत घालून नेणं माझ्याच्याने होईना.

टेबलावर कापड पसरलं. त्यांनी डाव्या डोळ्यावरचा हात तसाच ठेवून उजव्याने पाहिलं. ढग, मग सैनिक, झेंडे. मग एका ठिपक्यावर बोट ठेवून मला विचारलं, अगदी हळू, शाळेतलं पोर बाईंना विचारतं तसं:

“दिस वन बर्ड ऑर एअरोप्लेन?”

मी म्हटलं, विमान.

“शुअर?”

“शुअर. सगळी विमानं आहेत.”

ताई, ती बाई हसली. मांडीवर थाप मारून हसली. मुलीला ओरडून चिनीत काहीतरी सांगितलं. मुलगी हातातला चमचा टाकून आली आणि मग तिने मला सगळं सांगितलं. तुम्ही मला जे सांगितलं नव्हतंत ते.

त्या दिवशी भिंतीपाशी ती “एअरोप्लेन” म्हणाली, तेव्हा तुम्ही बाहेर आलात. तिच्या खांद्यावर हात ठेवून, सगळ्यांसमोर, म्हणालात, “नाही मॅडम, पक्षीच आहेत. तुमचा डोळा अजून भरून यायचाय. सध्या चुकीचं दिसेल.”

वेई लिंगने तुम्हाला फेब्रुवारीत सांगितलेलं होतं. तरी.

सहा आठवडे ती बाई समजून चालली आहे की तिचं ऑपरेशन बिघडलं. तिला स्वच्छ दिसत होतं, आणि जे दिसत होतं त्यावर तिचा विश्वास नव्हता. रस्ता ओलांडताना समोरून बस येते आहे की नाही, हे ती मुलीला विचारते. क्वेचे पैसे घेणं तिने बंद केलं, नोट चुकीची दिसेल म्हणून. “एक डोळा डॉक्टरने स्पॉइल केला, दुसरा कशाला देऊ?” म्हणून ती आली नाही. विमानांमुळे नाही.

विमानांबद्दल मी विचारलं नव्हतं. तिनेच सांगितलं. ती पाच वर्षांची होती. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. जपानी आल्यावर सगळ्या चिनी पुरुषांना तपासणीसाठी रांगेत उभं राहायला सांगितलं, वडील सकाळी गेले आणि परत आले नाहीत. एवढंच सांगितलं. मी माफी मागायला लागले, तर हाताने थांबवलं. “तू झेंडे का लपवलेस?” म्हणाली. मी म्हटलं, कापड सुंदर होतं. “कापड सुंदरच आहे,” म्हणाली. “म्हणून लपवायचं?” मी म्हटलं, जाळून टाकू का? ती चिडली. “कोणाचं म्हणून जाळतेस? घेऊन जा. माझ्याकडे नको.”

मग मी सांगितलं, तुमचा डोळा बरोबर आहे, दुसऱ्याचं ऑपरेशन करून घ्या. तिने मान हलवली. “तू टेलर. डॉक्टरला येऊन सांगू दे.”

तर आता तुम्ही जा. मी तमाशा करते म्हणालात ना? हा घ्या. येत्या रविवारपर्यंत तुम्ही त्या स्टॉलवर गेला नाहीत, तर सोमवारी मी तुमच्या बॉससमोर उभी असेन, कापड घेऊन, आणि माझं पाप आधी सांगून मग तुमचं सांगेन. शैलेंद्रलाही सांगेन. तुमची आई आपल्या दोघींना एका ताटात वाढायची म्हणून आजवर खूप गिळलं. हे नाही गिळणार.

मधुवंती

---

नोव्हेना
२७ मे २०१६

मधुवंती,

तुझ्या धमकीमुळे मी गेले, असं तुला वाटत असणार. वाटू दे. तुझं पत्र वाचल्यावर मी दोन दिवस कोणाचा डोळा तपासताना ‘काय दिसतंय?’ हा प्रश्न विचारू शकले नाही. म्हणून गेले.

मॅडम गोंनी मला प्लास्टिकच्या स्टुलावर बसवलं. मुलगी हाताची घडी घालून मागे उभी. मी म्हणाले, “मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. ती विमानं होती. मला ते माहीत होतं. तुमचा डोळा उत्तम आहे.” त्यांनी ते मला पुन्हा म्हणायला लावलं. शेजारच्या कॉफीवाल्याला बोलावून त्याच्यासमोर तिसऱ्यांदा म्हणायला लावलं. मी म्हटलं.

तिथेच थांबायला हवं होतं. पण मी पुढे म्हणाले, की तुमच्या मनाला लागू नये म्हणून पक्षी म्हणाले. हे अर्धं खोटं होतं, हे मला म्हणतानाच कळत होतं.

त्या म्हणाल्या, “माय फादर ऑल्सो से बर्ड.” विमानं आली की वडील त्यांना टेबलाखाली छातीशी धरून सांगायचे, पक्षी आहेत, पक्षी, झोप. मग त्यांनी माझ्याकडे दोन्ही डोळ्यांनी पाहिलं. डाव्याने त्यांना मी दिसतही नसेन. “दॅट टाइम आय वॉज फाइव्ह, डॉक्टर.”

मी स्टुलावरून उठले आणि निघून आले.

दुसऱ्या दिवशी बॉसना सगळं सांगितलं. वेई लिंगचं, फेब्रुवारीचं, तक्रार मीच रचली तेही. वेई लिंगची माफी मागितली. तिने “ओके” म्हटलं, आणि तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. बॉसनी तीन वर्षांचा करार द्यायचं ठरवलं होतं, तो सहा महिन्यांचा केला. कारण विचारलं नाही. तुझ्या दुमडलेल्या कापडाचा मी उल्लेख केला नाही. तो तुझ्यावर उपकार म्हणून नाही. माझ्या चुकीत तुझी मिसळली असती, तर माझी हलकी झाली असती.

मॅडम गो ऑपरेशनला तयार झाल्या, पण एका अटीवर. डोळ्याला मी हात लावायचा नाही. मंगळवारी बॉसनी केलं. मी त्या वेळी बाहेर फाइली लिहीत बसले होते. प्रेशर उतरलं आहे. डोळा वाचला. डोळ्याची नस थोडी गेली आहे, कडेचं कमी दिसेल, ती सात आठवड्यांची किंमत. ती परत येणार नाही. हे मी त्यांना स्वतः सांगितलं.

शैलूच्या वाढदिवसाला मी येईन. तुझ्याशी बोलेनच असं नाही. तू ‘टेलर’ म्हणून ऐकून घेतलंस आणि मला ते लिहून पाठवलंस, तेवढ्यापुरतं मला तुझ्याबद्दल बरं वाटलं. पण तू ते पॅनेल माझ्या हातात दिलंस तेव्हा गप्प होतीस, हे मी विसरणार नाही, आणि मी काय केलं ते तू विसरू नकोस. त्या कापडाचं काय करायचं ते मला विचारू नकोस.

काल त्यांची पट्टी काढली. नजरेचा तक्ता वाचायला त्या बॉसच्या खोलीत बसल्या होत्या, दार उघडं होतं, आणि मी कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला उभी होते. आकडे त्यांनी एकेक करून वाचले. सगळ्यांत खालची, सगळ्यांत बारीक ओळ त्यांनी दोनदा वाचली, मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्या आवाजात. एकही आकडा चुकला नाही.

सुचित्रा